शेवट पळवत बघितलेला सिनेमा

एक सिनेमा मी निम्माच बघितला आणि तो लहान मुलांना दाखवण्याजोगा आहे असं सहीनिशी लिहून दिलं. खाली शाळेचा शिक्काही मारला.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमची वस्ती बारामती तालुक्यात, कऱ्हाटीपासून सायकलवर अर्ध्या तासावर. (सायकल माझी असेल तर पाऊण तास.) वस्तीचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत, कारण त्यातली बरीचशी अजून धडधाकट आहेत. आमच्या आज्यानं मेंढरं राखली, वडिलांनी ऊस लावला आणि मी डी.एड. होऊन वस्तीतल्याच शाळेत गुरुजी झालो. म्हणजे राखणीचं काम काही आमच्या घराण्यातून सुटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी शाळेत मुलांना व्हिडिओवर सिनेमा दाखवायची आमच्याकडे पद्धत होती. टीव्ही आणि व्हीसीआर बारामतीच्या बबनकडून भाड्याने यायचा. वर्गाच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या की भर दुपारी काळोख व्हायचा. आदल्या वर्षी बबनने ‘एकदम धार्मिक’ म्हणून दिलेल्या कॅसेटमध्ये तिसऱ्याच मिनिटाला एक बाई धबधब्याखाली उभी राहिली आणि भजन सोडून बाकी सगळं करू लागली. सगळ्या आयांनी एका दमात पोरांच्या डोळ्यांवर पदर टाकले. बापांच्या डोळ्यांवर टाकायला पदर उरले नाहीत!

त्यामुळे यंदा आधी पालकांची सभा भरली. बबनने चोरांचा विनोदी सिनेमा सुचवला होता. ‘लई हसू येतंय, फॅमिली हाय,’ एवढीच त्याची शिफारस. पण धबधब्यापासून बबनच्या शब्दावर कुणाचा भरवसा उरला नव्हता.

“चोराचा म्हणल्यावर आदी कुणीतरी बघून आलं पायजे,” पोलीस पाटील आबा म्हणाले. “पोलिसाची टिंगल आसंल तर मी हितं बसणार न्हाय. आत्ताच सांगतो.”

“त्ये ऱ्हाऊ द्या आबा,” ट्रॅक्टरवाला दत्तू म्हणाला. “चोरी कशी करायची त्ये दावत्यात का, त्येवढं बघा. आमचं किशा आदीच खिळ्यानं कुलूप उघडतंय. परवा माझ्याच ट्रॅक्टरची पेटी उघडली!”

“मंग?” आबांनी विचारलं.

“मंग काय! परत लावली. आन आता किल्लीनं उघडंना.”

रखमाकाकूंनी सगळ्या बायांच्या वतीने एकच प्रश्न विचारला, “बाया भिजत्यात का?”

सगळ्यात शेवटी तात्या बोलले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. डोक्याला पटका, हातात काठी, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडची मेंढरं मान वर करून बघतील. ते म्हणाले, “बाकी काय बी असू दे. चोर शेवटाला घावला पायजे. घावलाच पायजे! सगळ्या माणसांम्होरं.”

असं का, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

मागच्या वैशाखात तात्यांच्या शिवाचं लग्न इंदापूरला झालं. नवरदेवाचा बाप म्हणून तात्यांनी खास पायताणं करून घेतली होती. जाड चामड्याची, वर लाल गोंडा, आणि चालताना करकर वाजतील अशी. तात्या वळणाआड असले तरी आले आहेत हे कळायचं. ती पायताणं जेवणावळीच्या वेळी मांडवाच्या दारातून गेली. तात्या इंदापूरहून अनवाणी परत आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की पायताणं मिळेपर्यंत आपण इंदापूरचा उंबरा चढणार नाही, शिवा चढणार नाही आणि सूनबाईही चढणार नाही. आखाड गेला. पंचमी गेली. नव्या सूनबाईंचा, म्हणजे सुमनवहिनींचा भाऊ दोनदा न्यायला आला आणि दोन्ही वेळा नुसता चहा पिऊन परत गेला. आता पहिला दिवाळसण तोंडावर आला होता.

सभेत मलाच निवडलं गेलं. गुरुजी शिकलेले आहेत, गुरुजींना सिनेमातलं कळतं, शिवाय गुरुजींना रविवारी काही काम नसतं. (तिसरं कारण आमच्या आईने दिलं.) सभा संपल्यावर सुमनवहिनी चहाचा कप घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, “भावजी, तुमच्या शब्दाला मामंजी मान देत्यात. दिवाळीपुरतं तरी त्येंना सांगा की. पंचमीला आमची आई दिसभर दारात बसून व्हती म्हनं.”

“सांगतो की वहिनी.”

“आन चोर आमच्या इंदापूरचाच कशावरनं? तुमीच सांगा!”

मला ठसका लागला. चहा नाकातून आला.

आता लपवण्यात अर्थ नाही. पायताणं मी नेली होती!

चोरली नव्हती, नेली होती. त्या लग्नात बासुंदी होती. मी चार वाट्या प्यायलो. (पाच.) पंगतीतून उठतो न उठतो तोच पोटात अशी काही कळ आली की माझ्या हातात फक्त दोनच गोष्टी उरल्या, एक डबा आणि थोडासा वेळ. दारात बघतो तर माझ्या स्लिपर गायब! एकीच्या बंदाला सेफ्टीपिन लावलेली होती. ती पिन चोरावी असं कुणाला वाटलं असेल, देव जाणे. समोर जे पायताण दिसलं त्यात पाय घातला आणि उसाच्या फडाकडे पळालो. परत येतोय तर मांडवात तात्यांचा आवाज! “ज्येनं माझी पायताणं नेली त्येची तंगडी गळ्यात आडकवतो!” मी खाली पायांकडे बघितलं. लाल गोंडे! त्या क्षणी पुढे होऊन ‘तात्या, पोट बिघडलं होतं’ एवढं म्हणालो असतो तर सगळे हसून मोकळे झाले असते. पण मी काय केलं? आहेरात मिळालेल्या टॉवेलात पायताणं गुंडाळली, पिशवीत कोंबली आणि टेम्पोत तात्यांच्या शेजारी बसून बारामती येईपर्यंत ‘काय माणसं हायत ही इंदापूरची!’ असं म्हणत आलो.

घरी ठेवली तर आईला सापडतील, म्हणून शाळेच्या कपाटात नकाशांच्या मागे लपवली. जूनपासून मी कपाट उघडलं नव्हतं. महाराष्ट्राचा नकाशा दर वेळी फळ्यावर खडूने काढायचो आणि तो दर वेळी वेगळा यायचा.

माझा एकच दिलासा होता. लग्नाचं शूटिंग बबननेच केलं होतं, पण कॅमेऱ्यात बिघाड झाला आणि कॅसेट वाया गेली असं त्याने नंतर सांगितलं. सुमनवहिनी ते ऐकून रडल्या. मी बबनला चहा पाजला.

तर असा मी, मुलांवर वाईट संस्कार होऊ नयेत म्हणून सिनेमा तपासायला पुढच्या रविवारी बारामतीला निघालो. बबनच्या दुकानात काउंटरवर एक छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. तो म्हणाला, “गुरुजी, एक वाजता लाईट जाणार. तवर बघून घ्या,” आणि कुठल्याशा बारशाच्या शूटिंगला निघून गेला.

सिनेमा चांगला होता हो! तीन चोर सराफाची तिजोरी पळवायला जातात आणि अंधारात त्याच्या घरातला फ्रिज उचलून नेतात. फ्रिजवर रखवालदार झोपलेला. तो जागा होतो आणि चोरांनाच विचारतो, ‘मालकांनी घर बदललं का?’ मला हसू आवरेना. तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन बघितला. मुलांच्या भल्यासाठीच! मग घड्याळाकडे बघतो तर एक वाजायला दहा कमी आणि सिनेमा अजून निम्मा शिल्लक. मी पुढे पळवायचं बटण दाबलं.

ज्यांनी व्हीसीआरवर सिनेमा पळवून बघितला आहे त्यांना माहीत असेल. आवाज नसतो, पडद्यावर आडव्या पट्ट्या असतात आणि माणसं मुंग्यांसारखी धावत असतात. त्या पट्ट्यांमधून मला मांडव दिसला, मुंडावळ्या दिसल्या, हार पडले, कुणीतरी तोंडात रुमाल धरून नाचलं, पंगती उठल्या, बाया रडल्या. मग लाईट गेली. मी समाधानाने उठलो. चोराचं लग्न होतं, तो सुधारतो, मांडवातून संसारात जातो. यापेक्षा चांगला शेवट सानेगुरुजींच्या वर्गातही नसता!

गावी येऊन मी कोऱ्या फुलस्केपवर अहवाल लिहिला आणि व्हरांड्यात वाचून दाखवला. पोलिसांची टिंगल आहे पण प्रेमळ आहे. कुलूप हेअरपिनने उघडतात, खिळ्याने नाही, त्यामुळे किशाच्या ज्ञानात फार भर पडणार नाही. बाया कोरड्या आहेत.

“आन चोर घावतो का?” तात्यांनी विचारलं.

“तात्या, तो पोलिसांना सापडत नाही. त्याचं लग्न होतं.”

तात्यांनी पटका सारखा केला. मग म्हणाले, “म्हंजे घावलाच की,” आणि मंजुरी मिळाली.

रविवारी वर्ग गच्च भरला. पुढे पोरं, मागे बाया, भिंतीला टेकून बापे, आणि मधोमध खुर्चीवर आबा आणि तात्या. या वेळी टीव्ही रंगीत होता. मी व्हीसीआरशेजारी उभा, हातात माझा अहवाल. फ्रिजच्या प्रसंगाला वर्ग असा हसला की एक घोंगडी गळून पडली. रखवालदाराने ‘मालकांनी घर बदललं का?’ असं विचारल्यावर तात्या मांडीवर थाप मारून माझ्याकडे वळून म्हणाले, “भान्या, बेस निवडलाय सिनेमा!” मी मान लववली. आयुष्यात तेवढी एक शाबासकी मला तात्यांकडून मिळाली. ती साधारण दहा मिनिटं टिकली.

चोर फ्रिज खांद्यावर घेऊन पळतायत, मागून पोलिसांची जीप येतेय, आणि एकदम खर्रर्र आवाज झाला. पडदा निळा झाला. मग लाल गुलाबाच्या फुलातून एक बाई वर आली. मुंडावळ्या बांधलेली.

“आगं बया,” रखमाकाकू म्हणाल्या, “ही तर आपली सुमन!”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग सगळ्यांना एकदम कळलं. लग्नसराईच्या गडबडीत बबनने कोरी कॅसेट समजून सिनेमाच्याच कॅसेटवर, पार निम्म्यातून पुढे, शिवाचं लग्न घेतलं होतं, आणि ती पुन्हा दुकानाच्या फळीवर गेली होती! कॅमेऱ्यात बिघाड वगैरे काही नव्हता. बिघाड बबनमध्ये होता.

वर्गात नुसता दंगा उसळला. “त्यो बघ मामा!” “माझी आई!” सुमनवहिनी मागून उठून पार टीव्हीजवळ येऊन बसल्या. पडद्यावर त्यांची आई लुगड्याच्या पदराने डोळे पुसत होती आणि इकडे या पुसत होत्या. मलाही भरून आलं. मग तात्या ओरडले.

“पायताणं! त्ये बघा माझी पायताणं!”

पडद्यावर तात्या रुबाबात मांडवात शिरत होते. करकर आवाजसुद्धा आला होता. दारात त्यांनी पायताणं काढली, कडेला नीट जोडून ठेवली. लाल गोंडे नुसते झळकत होते. कॅमेरा तिथेच चालू ठेवून बबन जेवायला गेला असावा, कारण चित्र दारावरून हलेना.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की पुढे काय आहे.

“थांबा!” मी व्हीसीआरवर झेप घेतली. “हा भाग लहान मुलांना दाखवण्याजोगा नाही!”

“गप ए!” तात्या गरजले. “लगीन हाय त्ये. लगनात काय वंगाळ आसतंय?”

“माझ्या अहवालात हा भाग...”

“तुझ्या अहवालात लगीन हाय म्हणूनच लिवलंय,” आबा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून टीव्हीसमोर बसले. “कॅमेरा दारावरच हाय. आता चोर घावणार. कुनी जागचं हलायचं न्हाय! दत्तू, दार लाव.”

दार लागलं. मी मनातल्या मनात लाईट जाण्यासाठी नवस बोललो. आमच्याकडची लाईट पंप चालू केला की जाते, गिरणीत दळण टाकलं की जाते, पाहुणे जेवायला बसले की जाते. त्या दिवशी मात्र बल्बसुद्धा लुकलुकला नाही.

चाळीस माणसं श्वास रोखून एका पायताणाच्या जोडाकडे बघत होती. पडद्यावर एक कुत्रं आलं. वास घेऊन गेलं. “कुत्रं न्हाय,” आबांनी निकाल दिला. एक म्हातारी आली, आपल्या चपला शोधून गेली. “म्हातारी न्हाय.” मग मांडवातून एक माणूस वाकून बाहेर आला. एक हात पोटावर, दुसऱ्या हातात डबा. त्याने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. लाल गोंड्यांच्या पायताणांत पाय सारले आणि करकर करकर करत असा पळाला, की सिनेमातले तिन्ही चोर त्याच्यापुढे अगदीच नवशिके वाटले.

पहिल्या रांगेतून किशाचा आवाज आला.

“आयला! गुरुजी हायती!”

पोरांनी टाळ्या आणि शिट्ट्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. “पुन्यांदा लावा! पुन्यांदा!” दत्तूने उत्साहाने मागे न्यायचं बटण दाबलं. पडद्यावर मी उसाकडून उलटा पळत आलो, पायताणं काढून जागेवर ठेवली आणि पाठमोरा अदबीने मांडवात शिरलो. माझ्या बाजूचा तेवढाच काय तो पुरावा! पण तो कुणी ग्राह्य धरला नाही. पोरांनी मला आणखी चारदा पळवलं.

तात्या मात्र हसले नाहीत. ते काठीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “तात्या, बासुंदी...”

“आत्ता कुठं हायत?”

“कपाटात. नकाशांच्या मागं.”

“आसं व्हय!” किशा ओरडला. “तरीच म्हनलं, गुरुजींचा महाराष्ट्र दर बारीला येगळा का येतोय!”

मी किल्लीला हात घालेपर्यंत किशाने खिळ्याने कपाट उघडलंसुद्धा. पायताणं बाहेर आली. एका गोंड्यावर उंदरांनी ताव मारला होता. तात्यांनी ती खाली ठेवली, पाय घातले, दोन पावलं टाकली. कर्र. कर्र. मग ते सुमनवहिनींसमोर जाऊन उभे राहिले. ओढ्यापलीकडे जाणारा तो आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच हळू निघाला.

“सूनबाई, पिशवी भर. दिवाळीला इंदापूर. शिवा येईल, मी बी येतो. इनबायांच्या उंबऱ्यावर ही पायताणं काढतो आन हात जोडतो.” मग काठी माझ्याकडे वळली. “आन ह्यो बी येईल. चोर कोण, त्ये ह्येनंच तितं सगळ्या माणसांम्होरं सांगायचं. आन ह्येला बासुंदी वाढायची न्हाय.”

वहिनींनी टीव्हीकडे बघितलं. पडद्यावर त्यांची आई हसत होती. वहिनीही हसल्या, आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी हातातला अहवाल हळूच घडी करून खिशात घालत होतो. आबांनी तो पकडला, सहीशिक्का निरखून बघितला आणि सगळ्यांना विचारलं, “मंग आता ठरवा. ह्यो सिनेमा लेकरांना दावण्याजोगा हाय, का न्हाय?”

कुणी काही बोलायच्या आत सुमनवहिनी म्हणाल्या, “सिनेमाला काय झालंय? आमचं भावजी लेकरांत ठेवण्याजोगं हायत का, तेवढं कुनीतरी बघून या. आन या बारीला शेवटापतोर बघा!”